घरात वाजवणारं कोण आहे?

माणसाने चाळिशीनंतर कशाच्या मोहात पडावे याला काही धरबंध असावा. आमच्या बँकेतल्या सहकाऱ्यांचे मोह मी गेली वीस वर्षे जवळून पाहतो आहे. कोणी प्लॉट घेतो, कोणी मोटार घेतो, कोणी संत्र्याचा बगीचा घेतो आणि मग तीन वर्षे पाण्याविषयीच बोलतो. पण जुन्या पियानोच्या मोहात पडलेला कारकून आमच्या शाखेच्या इतिहासात, आणि माझ्या अंदाजाने कारंजा तालुक्याच्याही इतिहासात, मी पहिलाच असेन.

कारंजा म्हणजे घाडग्यांचे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण महाराष्ट्रात कारंजा म्हटले की लोकांना लाडांचे आठवते. ते वाशीम जिल्ह्यात. तिथे श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, त्यामुळे त्या गावाला मान आहे. आमचे कारंजा वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावर. माझ्या सासुरवाडीचे एक गृहस्थ दत्तदर्शनासाठी निघाले आणि इथे उतरले. तोंडावर पाणी मारून त्यांनी मला विचारले, "मंदिर कोणत्या बाजूला?" मी त्यांना चहा पाजला. दुसरे काय करणार? आमच्याकडे प्रसिद्ध असे काही विचाराल तर उन्हाळा.

तर अशा या गावात पियानो आला कुठून? तो आलेला नाही. तो नागपुरात आहे. त्याची बातमी आमच्या कॅशियरसाहेबांनी आणली. ते नागपूरहून रोज अप-डाउन करतात. अप-डाउन ही विदर्भातली एक जीवनपद्धती आहे. ती करणारा माणूस नोकरीच्या गावाला शहराच्या बातम्या आणि शहराला नोकरीच्या गावची भाजी पुरवतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते चहाच्या वेळी म्हणाले, "सदरमधे आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांचा पियानो जायचा आहे. फुकट."

मी पेला खाली ठेवला.

"म्हणजे फुकटच असं नाही," ते म्हणाले. "काही तरी अट आहे म्हणे. तुम्ही स्वतःच जाऊन बघा ना."

आता माझे आणि पियानोचे नाते सांगायला हवे. माझ्या लहानपणी रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर जुने हिंदी सिनेमे लागत. सगळी गल्ली एका घरात जमायची. त्या सिनेमांत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात एक काळा चकचकीत पियानो असे, आणि कोणी तरी दुखावलेला माणूस त्याच्यापाशी बसून साऱ्या पार्टीला आपले दुःख सांगे. 'अंदाज'मध्ये (१९४९) दिलीपकुमार बसला, 'संगम'मध्ये (१९६४) राज कपूर बसला. पियानोपाशी बसलेल्याचे फारसे भले होत नाही हे मला आठव्या वर्षीच कळले होते. तरीही आपणही कधी तरी तसे बसावे, गावातल्या लोकांनी हातात सरबताचे पेले धरून ऐकत उभे राहावे, असे वाटायचेच. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि बसण्याची सोय झाली ती संगणकापुढे.

पुढच्या रविवारी सदरमध्ये गेलो. कौलारू बंगली, पुढे कडुनिंब. बाई ऐंशी ओलांडलेल्या, ताठ. चाळीस वर्षे त्यांनी मुलांना पियानो शिकवला. गल्लीतले सगळे त्यांना 'मिस' म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. बंगलीच्या जागी आता इमारत व्हायची आहे, आणि ३१ मेला मिस पुण्याला मुलीकडे जाणार आहेत. मुलीच्या फ्लॅटमध्ये पियानो मावत नाही.

त्यांनी झाकण उघडून, पुढची फळी काढून मला आतला कारभार दाखवला. मी पियानो म्हणजे मोठी पेटी समजत होतो. पण पेटीत हवा बोलते, आणि इथे पट्टी दाबली की आत लोकरीच्या नमद्याचा एक हातोडा तारेवर टोला देऊन लगेच मागे सरतो. इटलीतल्या क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० सालाच्या आसपास ही युक्ती काढली. टोला देऊन हातोडा मागे सरला नाही तर तार गप्प होते, एवढ्यात सगळी गोम आहे. पट्ट्या ८८. तारा सुमारे २३०, कारण वरच्या एकेका सुराला तीन-तीन तारा लागतात. आणि या सगळ्या तारांचा मिळून ताण अठरा टनांच्या घरात. लाकूड तो सोसणार नाही म्हणून आत बिडाची चौकट. अठरा टन म्हणजे आमच्या हमरस्त्यावरून जाणारा भरलेला ट्रक. मार्चअखेरीला बँकेच्या कारकुनावर साधारण एवढाच असतो, फक्त आम्हाला चौकट नसते.

पट्ट्या पिवळसर दिसल्या म्हणून मी जरा घाबरत विचारले, "मिस, हे हस्तिदंत तर नाही ना?" वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद झाली आहे, आणि सरकारी परिपत्रके वाचून वाचून मला अशा गोष्टींची धास्ती बसली आहे. मिस हसल्या. "सेल्युलॉइड आहे. हस्तिदंती पट्टीला रुंद भाग संपतो तिथं बारीकसा सांधा दिसतो. इथं आहे का?" नव्हता. मला हायसे वाटले.

दोषही त्यांनीच सांगितले. खालच्या बाजूचे दोन सूर मुके आहेत. नमद्याला थोडी कसर लागली आहे. सगळा पियानो अर्ध्या सुराने उतरला आहे. "माझ्यासारखाच," त्या म्हणाल्या. मग स्टुलावर बसून त्यांनी एक मिनिटभर काही तरी वाजवले. काय ते मला कळले नाही. पण त्या खोलीत मे महिन्याची दुपार होती आणि एक मिनिटभर ती नव्हती.

वाजवणे थांबवून त्यांनी विचारले, "तुमच्या घरी वाजवणारं कोण आहे?"

ही ती अट. वाजवणारे कोणी असेल तर पियानो तसाच घेऊन जा, एक पैसा नको. नसेल तर चाळीस हजार. भंगारवाला येऊन गेला होता, त्याने किलोवर भाव सांगितला. "त्याने हा प्रश्न विचारायलाही नाही दिला," मिस म्हणाल्या.

मी म्हणालो, "मुलगी."

"काय वाजवते?"

"सगळं," मी म्हणालो.

वस्तुस्थिती सांगतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्याकडे हातभर लांबीचा एक कॅसिओ आहे. त्यावर ती उजव्या हाताच्या एका बोटाने शाळेच्या स्नेहसंमेलनातले एक गाणे वाजवते. दुसऱ्या ओळीत अडते. मग पहिल्यापासून सुरू करते. मिस म्हणाल्या, "पुढच्या रविवारी घेऊन या तिला. मला ऐकायचंय."

घरी सांगितल्यावर ही म्हणाली, "ठेवणार कुठे?" संसारातले तत्त्वज्ञान नेहमी याच प्रश्नापासून सुरू होते. अडीचशे किलोंचे ते धूड. आमच्या शाखेची तिजोरी हलवली तेव्हा सहा हमाल लागले होते आणि एकाचा अंगठा अजून काळा आहे. पण वजनापेक्षा हवा वाईट. मिसने बजावले होते, ऊन नको, कोरडा वारा नको, ओल नको. कोरड्या हवेत लाकूड आक्रसते, तारांच्या खुंट्या सैल होतात आणि सूर उतरतो. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकतात. आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. म्हणजे पियानोला जे जे वर्ज्य ते ते आमच्याकडे मुबलक.

"मग उन्हाळ्यात त्याच्या खोलीत कूलर लावावा लागेल का?" हिने विचारले.

कूलर घरात एकच. त्याच्यापुढे आई झोपते.

आईने डोळे मिटूनच सांगितले, "लावा बाप्पा त्याला. माझं काय, मी अंगणात पडीन." या वाक्यानंतर कुठल्याही मराठी घरात चर्चा पुढे जात नाही.

बँकेत मात्र ती आठवडाभर चालली. शिपायाने विचारले, "साहेब, त्याच्या आत काय काय ठेवता येते जी?" आमचे एक खातेदार भजनी मंडळ चालवतात. त्यांनी विचारले, "भजनाले चालन का?" मी म्हणालो, अवघड आहे. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणे, म्हणजे मींड, त्याला जमत नाही. याच कारणावरून बिचाऱ्या पेटीलाही रेडिओवर १९४० पासून बंदी होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. ते म्हणाले, "एकतीस वर्षं? मंग तुमच्या यंत्राले तर जन्मठेप पाहिजे." मग त्यांनी मोझरीच्या दिशेला हात केला. आमच्याच रस्त्यावर पुढे गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर सारा मुलूख जागा केला. खंजिरीला हमाल लागत नाहीत, ट्यूनर लागत नाही आणि कूलर तर नाहीच नाही. मुद्दा बिनतोड होता. मी त्यांचे पासबुक भरून दिले.

पण माझा खरा प्रश्न हवेचा नव्हता, जागेचाही नव्हता. तो मी कोणाला सांगितला नव्हता. शेवटी मेहुण्याला सांगितला. मेहुणा विमा विकतो, त्यामुळे नीतीच्या प्रश्नांवर त्याचा हात बसलेला आहे.

तो म्हणाला, "भाऊजी, यात खोटं कुठं आहे? आज एका बोटानं वाजवते, उद्या दहानं वाजवेल. तुम्ही घरकर्ज देता ते काय माणसाकडे आज पैसे आहेत म्हणून देता? उद्या येतील म्हणून देता. आणि नुकसान कोणाचं? तुम्ही नेला नाही तर तो भंगारात जाणार. बाईंना समाधान, पियानोला घर, तुम्हाला पियानो. खरं बोललात तर तिघांचंही नुकसान."

मला उत्तर देता आले नाही. उलट माझ्याकडे आणखी एक मुद्दा होता. बँकेत संगणक आला तेव्हापासून मी एका बोटाने टंकन करतो. बँक त्याला काम म्हणते आणि पगार देते. मग एका बोटाच्या वाजवण्याला वाजवणे का म्हणू नये?

तरी गळ्याखाली उतरेना. त्याचे एक कारण भौगोलिक आहे. आमचा जिल्हा वर्धा. १९३६ मध्ये गांधीजी इथल्या शेगावात राहायला आले, त्याचेच सेवाग्राम झाले. शाळेतून आमची सहल दरवर्षी तिथेच. कुडाची ती कुटी आणि त्यातल्या मोजक्या वस्तू पाहून आम्ही वाटाण्याच्या उसळीचा डबा खायचो. त्या जिल्ह्यात राहून अडीचशे किलोंचा परिग्रह करायचा, आणि तोही खोटे बोलून, म्हणजे जरा जास्तच झाले. मी 'सत्याचे प्रयोग' पुन्हा काढले, तर त्यात मला दिलासाच मिळाला. विलायतेत शिकत असताना, सभ्य गृहस्थ व्हायचे म्हणून, गांधीजींनी तीन पौंडांना व्हायोलिन घेतले होते! शिकवणीही लावली होती. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आले की हे आपले काम नव्हे, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन ते व्हायोलिन येईल त्या किमतीला विकून टाका म्हणून सांगितले. ज्या महात्म्याचे व्हायोलिन सुटले नाही त्याच्या जिल्ह्यातल्या कारकुनाने पियानो का घेऊ नये? असे मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "त्यांनी घेताना 'मला येतं' असं सांगितलं होतं का?"

वाणिज्य शाखेकडे वळलो. १९३० चा वस्तुविक्रीचा कायदा आम्हाला होता. माल एकदा विकला की मालकी घेणाऱ्याची. त्याने पियानो वाजवावा, त्यात तांदूळ भरावेत, विकणाऱ्याला बोलायचे काम नाही. म्हणजे चाळीस हजार दिले तर प्रश्नच उरत नाही. पण ही चाळीस हजार किंमत होती का? माझ्या हिशेबाने तो न वाजवण्याचा दंड होता. आणि दंड भरला म्हणजे गुन्हा माफ होतो, असे काही मिसच्या चेहऱ्यावर दिसले नव्हते. त्यातून आणखी एक विचार मनात आला, तोही सांगून टाकतो. ३१ ला घर सोडायचे आहे. आपण ३० ला संध्याकाळी गेलो तर? तेव्हा त्या काहीही न विचारता 'घेऊन जा' म्हणतील. अडलेल्या माणसाकडून स्वस्तात घेणे याला आमच्या पुस्तकात खरेदीचे कौशल्य म्हणतात. आईकडे त्याला दुसरा शब्द आहे.

त्याच आठवड्यात आमच्याकडे सोनेतारणाची गर्दी सुरू झाली. पेरणी तोंडावर आली की बी-बियाण्यासाठी बायका डबीतले सोने घेऊन येतात. मूल्यांकन करणारा सराफ ते कसोटीवर घासतो, तोलतो, खड्यांचे आणि लाखेचे वजन वजा करतो आणि आकडा सांगतो. एक बाई पोहेहार घेऊन आली होती. सराफाने तो काट्यावर टाकल्यावर ती म्हणाली, "माह्या मायचा हाय तो." सराफ म्हणाला, "अकरा ग्रॅम दोनशे मिली." मी लिहिले, अकरा ग्रॅम दोनशे मिली. वीस वर्षांत असे किती जणींनी मला सांगितले असेल, पण आमच्या अर्जात त्यासाठी रकाना नाही. तिचा अंगठा घेताना मला वाटले, एवढ्या वर्षांत मला एकच विकणारी भेटली जिने रकाना स्वतःच आखला. आणि तोही मी खोटा भरून आलो.

रविवारी मुलीला घेऊन निघालो. आता तुम्हाला वाटेल, मी खरे सांगायला निघालो होतो. नाही. बसमध्ये मी तिची तयारी करून घेत होतो.

"मिसनं विचारलं तर सांग, वाजवते."

"पण मला एकाच बोटानं येतं, बाबा."

"बोटं किती ते सांगायची गरज नाही."

"आणि विचारलं तर?"

"कोणी विचारत नसतं," मी म्हणालो.

मिसने पहिला प्रश्न तोच विचारला. "किती बोटांनी वाजवतेस, बेटा?" मुलीने माझ्याकडे पाहिलेही नाही. तर्जनी वर केली.

खोलीत पंख्याचा आवाज बराच मोठा आहे हे मला तेव्हा जाणवले. मिस काही बोलल्या नाहीत. तिला स्टुलावर बसवले, खाली एक जाड पुस्तक दिले. तिने ते स्नेहसंमेलनातले गाणे वाजवले आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या ओळीत अडली. मिसने मागून हात लांब करून अडलेला सूर दाबला. ती पुढे गेली. तिसरी ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

"माफ करा, मिस," मी म्हणालो. "मी त्या दिवशी जरा वाढवून सांगितलं."

"माझ्या वडिलांनीही," मिस म्हणाल्या. १९४७ मध्ये देश सोडून चाललेल्या एका इंग्रज कुटुंबाकडून त्यांच्या वडिलांनी हा पियानो घेतला. त्या घरच्या बाईने विचारले होते, वाजवणारे कोण? वडील म्हणाले, मुलगी. "मी तेव्हा चार वर्षांची होते. माझा हात पट्ट्यांना पोचत नव्हता."

"मग?"

"मग काय! ते खरं करण्यात माझी सत्तर वर्षं गेली." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. मला कळेना, हे माझ्या बाजूने आहे की विरुद्ध.

मुलीला वाटले असावे की बाबा अडचणीत आहेत. ती मदतीला धावली. "बाबा पण बँकेत एकाच बोटानं टाइप करतात."

"ते नाही धरत," मिस म्हणाल्या. मग त्यांनी सरळ हिशेब मांडला, तोही माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधराला लाजवील असा. "चाळीस हजार, दहा बोटं. एका बोटाचे चार हजार कमी. छत्तीस हजार. ३१ तारखेपर्यंत जेवढी बोटं वाढतील तेवढी किंमत उतरेल. मी स्वतः ऐकणार." एवढे सांगून त्यांनी मुलीच्या उजव्या हाताची पाचही बोटे शेजारशेजारच्या पाच पट्ट्यांवर ठेवली आणि एकेक क्रमाने दाबून दाखवली.

परतीच्या बसमध्ये मी चौतीस हजार कुठून आणता येतील याचा विचार करत होतो, कारण दोन होते. शिवाय हमाल, शिवाय ट्रक, आणि ट्रकवाला लाडांच्या कारंज्याला नेऊन सोडणार नाही याची खात्री. मुलगी पुढच्या सीटच्या मागच्या दांडीवर बोटे आपटत होती. खड्डा आला की चुकायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. बाजारगावपर्यंत दोन बोटे चालू लागली. कोंढाळीला तिने मला हलवून तिसरे दाखवले. मी तिकिटाच्या मागे लिहिले, अठ्ठावीस हजार.

"चौथं?" मी विचारले.

"करंगळीजवळचं एकटं उचलतच नाही," ती म्हणाली. "बाकीची पण उठतात."

मी माझे उचलून पाहिले. माझेही उचलत नव्हते.